जोर साहेबांचा, बैठका आमच्या

परिपत्रक वरच्या मजल्यावरून आमच्या विभागात पोचायला एकोणीस दिवस लागले. अंतर म्हणाल तर दोन जिने आणि एक व्हरांडा. वाटेत ते एका ट्रेमध्ये चार दिवस बसलं, आस्थापना विभागात जोडून सुट्ट्या आल्या म्हणून आठवडाभर बसलं, आमच्या आवक खिडकीशी नोंद व्हायची वाट बघत आणखी दोन दिवस बसलं. हाती आलं तेव्हा कोपरे मुडपलेले, पोटाशी घडी आणि डोक्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ. विषय : 'बैठे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत पाच मिनिटे व्यायाम करणेबाबत.' बसण्याचे दुष्परिणाम सांगायला निघालेला कागद स्वतःच बसत बसत आला होता. बघताक्षणी आमच्यातलाच वाटला.

मी एका विद्यापीठात वरिष्ठ लिपिक आहे. कोणत्या, ते सांगत नाही. माझे पेन्शनचे कागद अजून व्हायचेत. राहायला वसईला. आम्हा लोकांना 'शिक्षकेतर कर्मचारी' म्हणतात. तुम्ही काय आहात हे न सांगता काय नाही आहात एवढंच सांगणारं हे पदनाम. 'नेति नेति' म्हणून ज्यांचं वर्णन होतं ते दोघेच, एक परब्रह्म आणि दुसरे आम्ही. आमचं काम विचाराल तर परीक्षेचे अर्ज, एटीकेटीचे अर्ज, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, आणि 'माझ्या अर्जाचं काय झालं' असा अर्ज. हे सगळं बसून होतं. चोवीस वर्षं बसून करतोय. माझी खुर्ची वेताची होती तेव्हा मी सडपातळ होतो. खुर्चीला चाकं आली तशी मला पोट आलं.

कल्पना काही आमच्या विद्यापीठाची नव्हे. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२१ रोजी 'वाय-ब्रेक' नावाचं ॲप काढलं. कामाच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत, सतरंजीशिवाय करता येईल असा पाच मिनिटांचा योग. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये सहा महानगरांत त्याची चाचणीही झाली होती. ताडासन, खांदे फिरवणं, कटिचक्रासन, मागे वाकायचं अर्धचक्रासन, पाय फाकवून पुढे वाकणं, मग नाडीशोधन, भ्रामरी आणि शेवटी ध्यान. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी हे करावं असं त्यांच्या कार्मिक विभागाने लगेच कळवलं. पुढे जून २०२३ मध्ये त्याचीच खुर्चीत बसून करायची आवृत्ती आली. बसण्यावरचा उपाय बसूनच! असा उपाय सरकारी नोकरी आतून बाहेरून ओळखणाऱ्या माणसालाच सुचू शकतो. त्या अनामिक इसमाला माझा (खुर्चीतूनच) नमस्कार.

आता मुळात मराठी माणसाला व्यायामाची आठवण कुठली, तर शाळेतली. आणि शाळेत व्यायाम हा शिक्षेचा प्रकार होता. गृहपाठ नाही, वीस उठाबशा. पाढे येत नाहीत, अंगठे धरून उभा राहा. त्या अंगठे धरण्याला योगशास्त्रात पादांगुष्ठासन म्हणतात आणि लोक त्याचे पैसे भरतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. माझ्या पाढ्यांकडे बघता मी चौथीतच योगाचार्य व्हायला हवा होतो. तर, अंगात हे मुरलेलं असल्यामुळे परिपत्रक वाचल्यावर आमच्या टेबलावरचा पहिला प्रश्न 'व्यायाम कसला' हा नव्हता. 'काय चुकलं आपलं?' हा होता.

दुसरं असं की बसणं म्हणजे आपल्याकडे काम. भाषाच बघा ना. मुलगा नोकरीला 'बसला', बाई गल्ल्यावर 'बसली', समिती 'बसली', चौकशी 'बसली'. उभं राहतात ते निवडणुकीला, आणि पडतात. उठतं ते पोट किंवा अफवा. तालमीतला शब्द 'बैठक' आम्ही कचेरीत आणला आणि त्याचं पार उलटं केलं. तिथे बैठका मारल्या की मांड्या भरतात, इथे बैठका झाल्या की इतिवृत्तं. जोर-बैठका आमच्याकडेही रोजच चालतात. जोर साहेबांचा असतो, बैठका आमच्या.

आणि बढती म्हणजे काय? कमी उठणं. शिपायाला दिवसभर चालावं लागतं. कनिष्ठ लिपिकाला दिवसातून दहादा कपाटाशी जावं लागतं. वरिष्ठ झालं की पाचदा. अधीक्षक फक्त 'वर बोलावलंय' म्हटल्यावर उठतात. त्यांच्याही वरच्यांना बेल असते. बेल मिळाली की माणसाचा पायाशी संबंध संपतो. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आला म्हणजे तर ते सिंहासन. अशा ठिकाणी सगळ्यांनी रोज एकदा आपापल्या खुर्चीतून उठावं असं लेखी मागणं म्हणजे काय मागणं आहे, याची वरच्यांना कल्पना नसावी.

उठलो मात्र. वेळ ठरली दुपारी चारची. त्याआधी संघटनेने पत्र देऊन खुलासा मागितला होता, की ही पाच मिनिटं कामाच्या वेळेत धरायची की जेवणाच्या. लेखा विभागाने तोंडी हिशेब मांडला होता, की रोजची पाच म्हणजे महिन्याचे साधारण दोन तास, त्याची नोंद कुठे घ्यायची. आणि आस्थापनेने एक तक्ताही पाठवला होता : अनुक्रमांक, नाव, पदनाम, व्यायाम केला/नाही, नसल्यास कारण, शेरा. व्यायामाला पाच मिनिटं आणि तक्ता भरायला बारा. त्या तक्त्यावर सह्या घ्यायला आमचे शिपाई मामा टेबलाटेबलांवरून फिरले तेवढाच त्या दिवशीचा खरा व्यायाम, आणि त्यांचं नाव तक्त्यात नव्हतं. शिपाई 'बैठे काम' या व्याख्येत येत नाहीत.

अधीक्षकांनी व्हिडिओ संगणकावर लावला. सगळे टेबलांच्या मधल्या बोळात उभे राहिलो. पोटं आत घेतल्याशिवाय तो बोळ दोघांना पुरत नाही, म्हणजे सुरुवातीचा व्यायाम फुकटात झाला. पहिलं ताडासन : हात वर, टाचा वर, श्वास आत. एवढं झालं आणि नेट अडकलं. पडद्यावरचा माणूस हात वर करून थांबला, मध्ये ते गोल फिरायला लागलं. 'हात खाली घ्या' असा आदेश आलेला नव्हता. आदेश नसताना खाली घेणं आमच्या सेवानियमांत बसत नाही. अकरा माणसं, स्वतः अधीक्षक आणि आवकच्या बाई, सगळे हात वर, टाचा वर, श्वास आत. नेमका त्याच वेळी खिडकीशी एक विद्यार्थी आला. त्याने आत बघितलं, दोन पावलं मागे सरला आणि हळूच विचारलं, "सर, संप आहे का?"

'नाही' म्हणायला श्वास सोडावा लागला. तिथे पहिल्या दिवसाचा योग संपला. भ्रामरीपर्यंत आम्ही त्या आठवड्यात एकदाच पोचलो. तेव्हा शेजारच्या विभागातून विचारणा आली की तुमचा पंखा दुरुस्तीला टाकलाय का. ध्यान मात्र विभागाला पहिल्यापासूनच जमतं. जेवणानंतर अडीच ते सव्वातीन ते आपोआप लागतं.

एक सांगायला हवं, की आम्ही वसई-विरारची माणसं ताडासनात कच्ची नाही. आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. सकाळची विरार-चर्चगेट फास्ट वसईला येते तेव्हा ती विरार आणि नालासोपाऱ्याने भरलेली असते. त्या गाडीत शिरणं हीच कसरत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला तेव्हा वेढा काही महिने चालला; आम्हाला वीस-तीस सेकंदांत घ्यावा लागतो, आणि तोही रोज. आत शिरलं की एक हात वर कडीला, टाचा आपोआप वर, कारण खाली पूर्ण पाऊल ठेवायला जागाच नसते. ताडासन. भाईंदरला कोणी उतरायला निघालं की कंबरेतून वळायचं, पाय जागच्या जागी. कटिचक्रासन. दारातला तो मधला दांडा धरून जी मुलं लोंबतात त्यांना बघितलं तर बाळंभटदादा देवधरांना भरून आलं असतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नवं रूप दिलं ते त्यांनी. पण त्यांचा खांब जागचा हलत नव्हता. आणि नाडीशोधन? समोरच्याचा हात कुठल्या बाजूने वर आहे त्यावर कोणती नाकपुडी चालू ठेवायची ते ठरतं. नायगाव सुटल्यावर खाडीचा पूल लागतो तेवढ्यात जो वारा आत येतो तो दोन्ही नाकपुड्यांनी घ्यायचा. तेवढाच आमचा पूरक. पुढचा कुंभक बोरिवलीपर्यंत.

आमच्या आवकच्या बाई नालासोपाऱ्याच्या. त्या म्हणतात, "तुमचं ठीक आहे हो, आम्ही तर हे करत करत मटार सोलतो."

पण सांगायची गोष्ट ही कसरत नाही. कसरतीचं कौतुक आता वसईच्या बाहेरचेच लोक करतात, आम्ही नाही. सांगायचंय ते ग्रुपबद्दल. लोकलच्या प्रत्येक डब्यात, प्रत्येक खिडकीशी वर्षानुवर्षांचा एक ग्रुप असतो. आमचा डावीकडच्या दुसऱ्या खिडकीचा. त्यात विरारवाले आधी चढलेले असतात म्हणून बसलेले. तिघांच्या बाकावर चार. चौथी सीट म्हणजे अर्धं आसन बाकावर आणि अर्धं श्रद्धेवर. आम्ही वसईवाले उभे. आणि बोरिवली आली की काहीही न बोलता बसलेले उठतात, उभे असलेले बसतात. नियम कोणी केला ठाऊक नाही. कुठे लिहिलेला नाही, तक्ता नाही, शेरा नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासून चालू आहे. डोळा लागलेल्याला नुसतं म्हणायचं, "बोरिवली आली." तो डोळे न उघडता उभा राहतो.

आमचे मामा विरारचे. याच ग्रुपमधले. कचेरीत मी त्यांना 'मामा' म्हणतो, ते मला 'साहेब' म्हणतात. मी साहेब नाही, पण शिपायांच्या तोंडी टेबल असलेला प्रत्येकजण साहेबच. गाडीत मात्र वेगळं. गाडीत माणसाचं नाव म्हणजे त्याचं स्टेशन. बोरिवली आली की मामा उठतात आणि गर्दीवरून हाक मारतात, "ए वसई, ये बस." चोवीस वर्षं मी त्यांनी गरम केलेल्या जागेवर बसून चर्चगेटला पोचतो. तिथून कचेरीत गेलो की मी पुन्हा बसतो आणि ते पुन्हा उभे.

मामा निवृत्तीला आलेत. पोट नाही. साखर नाही. रक्तदाब मोजायला आलेली आरोग्य शिबिरातली मुलगी त्यांच्या वेळी आपलं यंत्र दोनदा तपासून बघत होती. तिने अधीक्षकांच्या वेळीही यंत्र दोनदा तपासलं होतं, पण ते उलट कारणाने.

हे काही योगायोगाने होत नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. हृदयविकार कोणाला जास्त होतो हे शोधताना त्यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांतली माणसं बघितली. ड्रायव्हर आणि कंडक्टर, गाडी एकच, पगाराची ओळ जवळपास तीच, घरंही तशीच. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आकडे छापले. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर तितका जीवघेणा नाही. त्याच लेखात पुढे टपाल खातं होतं. पोस्टमन बरे होते. तिथलेच कारकून आणि टेलिफोनवर बसणारे तितके बरे नव्हते.

कारकून! हे वाचलं तेव्हा मला लंडनच्या त्या अनोळखी कारकुनाबद्दल सख्ख्या चुलतभावासारखं वाटलं. माणूस साता समुद्रापलीकडचा, पण तोही बसूनच गेला.

मॉरिस गडी प्रामाणिक. पुढे १९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशांची मापं काढली. कंपनीच्या शिंप्याकडे कमरेचे आकडे होतेच. तेव्हा दिसलं, की ड्रायव्हरांची पँट तरुण वयापासूनच कंडक्टरांपेक्षा रुंद होती. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हे. काही माणसं मुळातच बसण्यासाठी जन्माला आलेली. हा मुद्दा मी घरी मांडला. बायको म्हणाली, "लग्नातला कोट काढू का?" मी मुद्दा मागे घेतला. मॉरिस स्वतः मात्र शेवटपर्यंत हिंडता-फिरता राहिला आणि २००९ साली नव्याण्णवाव्या वर्षी गेला. इतकं जगून पेन्शन खाणारा माणूस लेखा विभागाला आवडत नाही, पण ते असो.

आमच्या कचेरीतही पूर्वी थोडे कंडक्टर होते. आम्हीच होतो. निकालाचे जाडजूड लेजर तळघरात असायचे. एखाद्याचा १९८७ चा निकाल काढायचा म्हणजे जिना उतरा, कंदिलासारख्या दिव्यात शोधा, वीस किलोचं बाड उचला, धूळ झटका, वर आणा. त्यात एक शिंक, एक विडी (तेव्हा चालायची), थोड्या गप्पा. जावक रजिस्टर एका टोकाला, शिक्का दुसऱ्या टोकाला, शाई तिसऱ्याच विभागाकडे. कामाची रचना ज्याने केली त्याला कोणी अकार्यक्षम म्हणालं असेल. माझ्या मते तो व्यायामशिक्षक होता. मग संगणक आले. लेजर स्कॅन झाले. शिक्का आणि सही डिजिटल झाली. आता १९८७ चा निकाल काढायला तर्जनी लागते. उजवीचीच. माझ्या अंगाचा तेवढाच भाग आज तंदुरुस्त आहे.

म्हणजे आधी चालणं काढून घेतलं आणि मग चालण्याचं परिपत्रक काढलं.

पाच मिनिटांनी काय होतं, असं विचारणारे आमच्यात बरेच. मीही त्यातला. पण पोटरीचं गणित मला एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते पटलं. पायात उतरलेलं रक्त वर ढकलायला हृदयाला एकट्याला जड जातं. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, सुटतो आणि शिरांतलं रक्त पिळून वर पाठवतो. बसलं की हा पंप बंद. वसईच्या माणसाला पंप बंद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वर टाकीत पाणी चढत नाही, बस्. २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी वेगवेगळ्या मात्रा तपासल्या : अर्ध्या तासाने एक मिनिट, तासाने पाच मिनिटं वगैरे. जेवणानंतरची साखर खरी उतरली ती दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालण्याने. माणसं फक्त ११ होती, म्हणजे आमच्या विभागाएवढीच. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपला जुना नियमही सोडला, की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरायची नाही. आता मिनिट-दोन मिनिटंही धरतात. किरकोळ रजेसारखं आहे, अर्धी-अर्धीही घेता येते.

दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हे आकडे मी चुकून अधीक्षकांसमोर बोललो. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. आठ तासांची ऐंशी मिनिटं. म्हणाले, "हे कोणाला सांगू नका. संघटनेला कळलं तर मागणीपत्रात घालतील."

मग मुलीने वाढदिवसाला मनगटी घड्याळ दिलं. बसून फार वेळ झाला की ते थरथरतं आणि 'उठा' म्हणतं. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत, अंधेरीनंतर, मला नशिबाने चौथी सीट मिळाली होती. दहिसरला घड्याळ थरथरलं. नवं घड्याळ, नवा उत्साह, मी उठलो. परत वळलो तेव्हा त्या अर्ध्या जागेवर एक आख्खा माणूस बसला होता. त्याच्याकडे बघत वसईपर्यंत उभा आलो. घड्याळाने शाबासकीचे फटाके उडवले.

रविवारी काही करावं म्हणून विरारच्या डोंगरावरच्या जीवदानी देवीला गेलो. तेराशेहून जास्त पायऱ्या. दोन लंडनच्या कंडक्टरांची दिवसभराची कमाई. चारशेव्या पायरीला मी सरबतवाल्याकडे थांबलो, आठशेव्या पायरीला देवीकडे दुसऱ्यांसाठी मागायचं सोडून स्वतःसाठी मागायला लागलो. माझ्या पुढून डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेतलेला एक माणूस दुसरी खेप करत होता. आमच्याकडे डिसेंबरात वसई-विरारची मॅरेथॉन होते, केव्हापासून धावतायत लोक. मी दरवर्षी गॅलरीतून टाळ्या वाजवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाळ्या वाजवणं हेही चांगलं. त्या चेष्टा करत नव्हत्या बहुतेक.

दोनेक महिन्यांत कचेरीतल्या व्यायामाचं जे व्हायचं ते झालं. व्हिडिओ बंद पडला, तक्ता चालू राहिला. चार वाजता सगळे 'केला'समोर बरोबरची खूण करायचे. विद्यापीठाच्या मूल्यांकनाला नॅकची समिती येणार होती म्हणून मध्ये एक दिवस पुन्हा खरा झाला, फोटोपुरता. त्या फोटोत सगळ्यात पुढे मामा आहेत, कारण हात डोक्यावर नेऊन नीट सरळ उभे राहू शकणारे विभागात तेच एक होते.

आणि मग ती मुलगी आली. जव्हारकडची. स्थलांतर प्रमाणपत्र हवं होतं. पहाटेच्या एसटीने पालघर, तिथून गाडी, गाडीत उभी. आमच्या खिडकीशी पोचली तेव्हा बारा वाजलेले. खिडकीबाहेर बसायला काही नाही. पूर्वी एक बाक होता, तो नॅकसाठी रंगवायला नेला तो आलाच नाही. एका कागदावर एक सही राहिली होती, सहीचे साहेब बैठकीला बसले होते. चार वाजेपर्यंत ती उभी होती. चारला मी नेहमीप्रमाणे पाटी फिरवली. पाटीच्या एका बाजूला 'जेवणाची वेळ' होतं, दुसऱ्या बाजूला मी स्वतःच्या हाताने 'व्यायामाची वेळ' लिहिलं होतं. तिने ते वाचलं. चिडली नाही. तिने विचारलं, "सर, तुम्ही व्यायाम कराल तोपर्यंत मी त्या खुर्चीत बसू का?"

खुर्ची माझी.

मी काही बोललो नाही. तिचा कागद घेतला आणि निघालो. मामा धावत आले, "साहेब, द्या इकडे, मी नेतो." मी म्हटलं, राहू द्या. दोन जिने. पहिल्या जिन्यावर ज्यांच्याशी सही-शिक्क्यापुरतं फोनवर बोलतो ते देशपांडे नावाचे पाटीवरचे गृहस्थ प्रत्यक्षात कसे दिसतात ते कळलं. दुसऱ्या जिन्यावर दम लागला. वर पोचलो तर साहेबांच्या स्वीय सहायक उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही? स्वतः? काय झालं? बदली आली का?" बैठकीच्या खोलीचं दार उघडून मी कागद पुढे केला. माणूस स्वतः कागद घेऊन आलाय म्हणजे प्रकरण न्यायालयातलं असणार असं समजून साहेबांनी न वाचता सही केली. एकोणीस दिवसांच्या रस्त्याला सात मिनिटं लागली. घड्याळात फटाके.

खाली आलो. ती मुलगी आत आवकच्या बाईंच्या स्टुलावर बसून त्यांच्या डब्यातला शिरा खात होती. माझ्या खुर्चीत मामा होते. पंखा तीनवर. पाय चाकाच्या दांडीवर. समोर माझा चष्मा. खिडकीत एक नवा मुलगा अर्ज घेऊन उभा होता आणि मामा त्याला, मान वर न करता, अगदी माझ्याच आवाजात सांगत होते, "आज नाही होणार. सोमवारी या."

मी मुलीला कागद दिला. खुर्चीच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. जरा वेळ वाट बघितली, मग वाकून म्हटलं, "मामा, बोरिवली आली."

मामांनी डोळे मिटले, खुर्ची अर्धी गरकन फिरवली आणि म्हणाले, "उभा राहा रे वसई. आज मी चर्चगेटपर्यंत."